मोडशी : एका मराठी शब्दाचा युरोपप्रवास

मृगाचा पाऊस पडला की रेणापूर तालुक्यात सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते आणि तिच्या मागोमाग पोटाची दुखणी येतात. ओढ्या-नाल्यांचं गढूळ पाणी विहिरीत उतरतं, जुन्या पाइपलाइनच्या गळक्या जोडांतून नळात शिरतं. मग ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएल पावडरचा डबा घेऊन फिरतो, आशाताई ओआरएसच्या पुड्या वाटतात आणि दवाखान्यातले डॉक्टर ‘गॅस्ट्रो’ हा शब्द वापरू लागतात. घरातलं जुनं माणूस मात्र तान्ह्या बाळाचं पोट बिघडलं की अजूनही म्हणतं, ‘मोडशी झाली असंल.’

आज मोडशी म्हणजे अजीर्ण. ओवा, सुंठ, लंघन यांनी बरी होणारी किरकोळ तक्रार. पण पाचशे वर्षांपूर्वी कोकणपट्टीत आणि गोव्यात हा शब्द ऐकून माणसांचे पाय लटपटायचे. ‘मोडणे’ या क्रियापदावरून तो आला असं मानतात. हातापायांत गोळे येऊन, डोळे खोल जाऊन, धडधाकट माणूस काही तासांत मोडून पडायचा. म्हणजे आपण ज्याला पटकी किंवा कॉलरा म्हणतो तोच आजार. हा मराठी-कोकणी शब्द १५६३ साली एका युरोपीय वैद्यकाच्या पुस्तकात छापला गेला. पोर्तुगीज उच्चाराप्रमाणे तिथे तो ‘मोर्शी’ असा आहे, आणि आपले पोर्तुगीज लोक त्याला बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतात, असंही लेखकाने नोंदवून ठेवलं आहे.

हे पुस्तक छापलं गेलं गोव्यात, १० एप्रिल १५६३ रोजी. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तकाचा विषय होता भारतातल्या वनस्पती, मसाले आणि औषधं. लेखक होता गार्सिया द ऑर्ता.

ऑर्ता गोव्यात का आला, हे समजायला त्या काळच्या युरोपात डोकवावं लागतं. १४९२ मध्ये स्पेनच्या राजा-राणीने देशातल्या सगळ्या ज्यूंना बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा, असं फर्मावलं. ऑर्ताचे आईवडील सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी तिथेही सक्तीचं धर्मांतर झालं. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. नाव ख्रिस्ती, पण शेजाऱ्यांची नजर कायम स्वयंपाकघरावर. शनिवारी चूल पेटते की नाही, डुकराचं मांस शिजतं की नाही, यावर माणसाचा जीव टांगलेला असे. या घरात १५०० च्या सुमारास कास्तेलो द व्हीद या सरहद्दीवरच्या गावी गार्सियाचा जन्म झाला. तो सालामांका आणि आल्काला इथे वैद्यक शिकला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. मार्च १५३४ मध्ये तो मार्तिम आफोंसो द सौझा या दर्यासारंगाचा खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला उतरला. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. ऑर्ता पुन्हा कधी मायदेशी गेला नाही.

तो जे वैद्यक शिकून आला होता, ते तेराशे-चौदाशे वर्षं जुनं होतं. दुसऱ्या शतकातल्या गॅलन या ग्रीक वैद्याचा शब्द युरोपच्या विद्यापीठांत प्रमाण. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस असतात आणि त्यांचा तोल गेला की आजार होतो, हा त्याचा पाया. आपल्या वात-पित्त-कफाशी त्याचं साम्य मराठी वाचकाला लगेच जाणवेल. ‘कॉलरा’ हे नावसुद्धा ग्रीकांकडूनच आलेलं आहे, ‘खोले’ म्हणजे पित्त या शब्दावरून. पित्त खवळून उलट्या-जुलाब होतात, अशी त्यामागची समजूत. युरोपातला तो जुना ‘कॉलरा’ म्हणजे बहुधा साधी ढाळवांती असावी. त्रासदायक, पण गावंच्या गावं रिकामी करणारी नव्हे.

गोव्यात ऑर्ताने पाहिलं ते वेगळं होतं. १५४३ साली तिथे मोडशीची मोठी साथ आली. गास्पार कुरैया या पोर्तुगीज बखरकाराने तिचं वर्णन केलं आहे. माणसं इतकी मरत होती की पुरायला माणसं मिळेनात. मेलेल्यांसाठी चर्चची घंटा वाजवण्याची रीत होती. घंटा थांबेचनात आणि जिवंत असलेल्यांचं धैर्य खचू लागलं, म्हणून गव्हर्नरने घंटा वाजवायलाच बंदी घातली. गव्हर्नर होता तोच सौझा, ज्याच्याबरोबर ऑर्ता आला होता. त्याच्याच हुकमाने वैद्यांनी एका प्रेताचं पोट उघडून पाहिलं. आखडून सुरकुतलेलं जठर सोडलं तर त्यांना काही सापडलं नाही.

ऑर्ताची वैद्यकी गोव्यापुरती नव्हती. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा सर्वांत बडा रुग्ण आणि मित्रही. ऑर्ता त्याच्या दरबारी जाऊन राहत असे. तिथे अरबी-फारसी वैद्यक शिकलेले हकीम होते, हिंदू वैद्य होते. खुद्द बुऱ्हाणला वैद्यकाची गोडी होती. त्याने आजारांची आणि औषधांची अरबी नावं ऑर्ताला शिकवली, ऑर्ताने त्याला लॅटिन नावं सांगितली. लातूर-नांदेडच्या वाचकाला हा बुऱ्हाण परका नाही. औसा, उदगीर, कंधार हे किल्ले बिदरच्या बरीदशाहीकडून हिसकावून घेण्यासाठी मोहिमा काढणारा तो हाच. रेणापूरहून लातूर ओलांडून पुढे गेलं की औशाचा किल्ला लागतो, त्याच्या बुरुजांखाली ज्याच्या फौजा उतरल्या त्या सुलतानाची नाडी सालामांकाला शिकलेला एक माणूस पाहत होता.

(मुंबईकरांनाही ऑर्तावर थोडा हक्क सांगता येईल. पोर्तुगीज राजाने मुंबईचं बेट त्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलं होतं. तिथल्या आपल्या आंब्याच्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, अशी फुशारकी त्याने पुस्तकात मारली आहे.)

पुस्तक संवादाच्या रूपात आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य सालामांकाहून नुकताच आला आहे आणि तो ऑर्ताला प्रश्न विचारतो. रुआनो पुस्तकी पंडित, प्रत्येक गोष्टीला ग्रीक ग्रंथाचा हवाला देणारा. ऑर्ता डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा. युरोपात असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, अशा अर्थाची कबुलीही तो देतो. खरं तर दोन्ही माणसं ऑर्ताच आहे, तरुणपणीचा आणि तीस वर्षं गोव्यात काढलेला. आणि तिसरी बाजू स्थानिकांची. कुठल्या झाडाला काय म्हणतात हे तो बाजारात विचारतो, वैद्यांना विचारतो, घरच्या नोकराणीला विचारतो.

कोष्ठ या औषधी मुळीवर दोघांच्या गप्पा चालू असताना एका घरून तातडीचं बोलावणं येतं. घरातल्या माणसाला मोर्शी झाली आहे. दोघे उठून जातात. पुढची काही पानं म्हणजे रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून केलेली नोंद आहे. नाडी इतकी मंद की बोटाला लागत नाही. अंग गार, घामही गार. आतून मात्र आग होते आहे म्हणून रुग्ण तगमगतो. तहान भागत नाही. डोळे खोल गेलेले. झोप नाही. उलट्या-जुलाब थांबत नाहीत. पायांत गोळे येतात. बहुतेक जण चोवीस तासांत जातात. दहा तासही न टिकलेला माणूस ऑर्ताने पाहिला होता. युरोपातल्या कॉलऱ्यापेक्षा हा फार तीव्र आहे, हे त्याने स्पष्ट लिहिलं आहे. वैद्यकाच्या इतिहासात हे पान युरोपीय वैद्याने लिहिलेल्या आशियाई कॉलऱ्याच्या सर्वांत जुन्या छापील वर्णनांत मोजलं जातं.

उपचार मात्र सगळे अंधारात चाललेले. स्थानिक वैद्य तळपाय तापल्या लोखंडाने डागत. हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधत. मिरी आणि जिरं घालून तांदळाची पेज पाजत. युरोपीय वैद्यांकडेही यापेक्षा काही बरं नव्हतं. रेड्या-बोकडांच्या पोटात सापडणारा ‘बेझोआर’ नावाचा खडा सर्व विषांवर उतारा आहे, असं तेव्हा मानत आणि ऑर्ताचाही त्यावर मोठा विश्वास होता.

शब्द मात्र पुढे निघाला. गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकुनी केलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध झालं, त्यात गोव्याचा आजार म्हणून ‘मोर्देशीन’ आहे. फ्रेंचांनी तो ऐकला आणि आपल्या कानाला ओळखीचा करून घेतला : ‘मोर्त द शियाँ’. म्हणजे कुत्र्याचं मरण. ‘कुत्र्याच्या मौतीने मरणं’ हा वाक्प्रचार असलेल्या भाषेतल्या माणसाला हे वाचून गंमत वाटेल, पण फ्रेंचांना त्याचा पत्ता नव्हता. तो निव्वळ कानाचा घोटाळा होता. तरी अठराव्या शतकात भारतात आलेले युरोपीय डॉक्टर हे नाव गंभीरपणे वापरत होते. त्यात ‘मोडणे’ लपलं आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ऑर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. धर्मन्यायालय तोवर गोव्यातही आलं होतं, १५६० पासून. त्याच्या मृत्यूनंतर लगेच बहीण कातारीना हिला पकडण्यात आलं आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली तिला जाळण्यात आलं. खटल्यांतल्या जबान्यांत गार्सियाचंही नाव आलं. मेलेल्या माणसावर खटला चालवायला त्या न्यायालयाला अडचण नव्हती. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडं कबरीतून उकरून काढली आणि जाळून टाकली.

पुस्तक त्यांच्या हातून निसटलं होतं. छपाईनंतर वर्षभरातच त्याची एक प्रत लिस्बनमध्ये कार्ल क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला मिळाली. त्याने १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि सगळ्या युरोपातले वैद्य तो वाचू लागले. संक्षेपात संवाद गेले, ऑर्ताची बोलण्याची लकब गेली, पण माहिती टिकली.

मोडशीने माणूस का मरतो, हे कळायला मात्र आणखी पावणेतीनशे वर्षं जावी लागली. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरहून निघालेली साथ इंग्रज फौजांबरोबर दख्खनमध्ये उतरली, १८१८ मध्ये मुंबईला पोहोचली. पेशवाई बुडाली तेच हे वर्ष. मराठवाड्यातल्या कित्येक गावांच्या वेशीवर मरीआईचं ठाणं असतं. ‘मरी’ला गावाबाहेर थोपवून धरणारी ही देवी, तिचा गाडा वेशीपार नेऊन सोडायची चाल, कडकलक्ष्मीचा आसूड ओढणारा पोतराज, या सगळ्यांमागे अशा साथींची भीती आहे. १८३१-३२ मध्ये कॉलरा इंग्लंडला पोहोचला तेव्हा तिथलेही लोक असेच भेदरले होते.

तिथे विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेले होते. ते परत घालावेत, असं त्याने सुचवलं. (हाच ओशॉनेसी पुढे भारतात आला आणि त्याने देशभर तारायंत्राचं जाळं उभारलं. लोकांना तो त्यासाठीच माहीत आहे.) त्याची सूचना वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटा या डॉक्टरने मे १८३२ मध्ये एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मीठपाणी सोडलं. गार पडलेलं शरीर उबदार झालं, डोळ्यांत तेज आलं, ती बोलू लागली. लॅटा तिला दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून घरी गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती वारली. सुई थांबवायला नको होती, हे लॅटाला कळलं. इतरांना पटलं नाही. पुढच्याच वर्षी तोही वारला आणि ही कल्पना कित्येक दशकं बाजूला पडली. मधल्या काळात कॉलऱ्याच्या रुग्णांना डॉक्टर रेचकं देत राहिले, त्यांचं रक्त काढत राहिले. कोरड्या पडत चाललेल्या शरीरातून आणखी पाणी बाहेर. तळपाय डागण्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जंतू पाण्यातून पसरतो हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिलं. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात जंतू वेगळा केला. पण मधला दुवा बाकी होता. जंतू आतड्यात नेमकं काय करतो? त्याचं उत्तर १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दिलं. जंतू एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतत सुटतात. आतडं फाटत नाही, सडत नाही. म्हणूनच १५४३ मध्ये गोव्याच्या वैद्यांना प्रेताच्या पोटात काही दिसलं नव्हतं. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. ते तांदळाच्या धुवणासारखं दिसतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उमगली. आतड्याच्या पेशींत मीठ आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी एक वाट असते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी आत जातं. कॉलऱ्याचं विष बाकी सगळं बिघडवतं, ही वाट बंद करत नाही. नुसतं पाणी प्यायलं तर ते वाहून जातं. नुसतं मीठपाणीही फारसं शोषलं जात नाही. साखर बरोबर असेल तर मात्र पाणी अंगी लागतं.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर पडले होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात भरून आणवल्या, मोठ्या पिंपांत ते पाणी कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला बसवलं. अशा छावण्यांत शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता गोव्याच्या वैद्यांच्या त्या पेजेकडे पुन्हा पाहता येतं. तांदळातला स्टार्च आतड्यात फुटून त्याचं ग्लुकोज होतं. १९८० च्या दशकात ढाका आणि कलकत्त्यात झालेल्या अभ्यासांत तांदळाच्या पिठाचा ओआरएस कॉलऱ्यावर चांगला चालतो, असं दिसलं. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा व्हॉट्सअ‍ॅपी निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो टाळलेला बरा. ऑर्ताने सांगितलेल्या पेजेत मिरी आणि जिरं आहे. मिठाचा उल्लेख नाही. किती पाजायची, किती वेळ पाजत राहायची, याचं मापही नाही. तीच पेज पाजणारे हात तळपायही डागत होते आणि दोन्हींपैकी कशाने गुण येतो हे तपासायची रीत कोणाकडेच नव्हती, ना गोव्यात ना सालामांकात.

माप महत्त्वाचं, कारण आजही घोटाळा तिथेच होतो. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. घरी मात्र ती फोडून चमचा-चमचा पेल्यात घातली जाते. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय, कमी झालं तर उपयोग नाही. पूर्ण पुडी एकदम, एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवायची आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं किंवा फेकून द्यायचं. लहान पुड्याही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप आधी वाचायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं थोडं पाजायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. लहान मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब आधी थांबले तरी. दुकानातली रंगीत गोड पेयं ओआरएस नव्हेत, पाकिटावर मोठी अक्षरं काहीही असोत.

मराठवाड्यात पाण्याची टंचाई आणि पोटाचे आजार हातात हात घालून येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली ते दिवस लोक विसरलेले नाहीत. पाणी आठवडाभर साठवावं लागलं की पिंपात हात बुडतात, झाकण उघडं राहतं. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून भरलं हे कोणी विचारत नाही. त्यामुळे रेणापूरसारख्या तालुक्यात आशाताईंना दिलेलं प्रशिक्षण दर पावसाळ्यात कामी येतं. जुलाब झालेल्या मुलाला दवाखान्यात कधी न्यायचं, याच्या खुणा त्यांना पाठ असतात. डोळे खोल गेले आहेत का. मूल अधाशासारखं पाणी मागतंय, की पिण्याचंही त्राण उरलं नाही. मलूल, गुंगीत आहे का. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश बसते का. यातली खोल गेलेल्या डोळ्यांची आणि न भागणाऱ्या तहानेची खूण ऑर्ताच्या पानांतही आहे.